आरोग्याचे संकल्प: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकवीस दिवस नेटाने केलेली गोष्ट अंगवळणी पडते, हा आरोग्याच्या संकल्पांबाबतचा सर्वांत रूढ समज आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. व्यायामाशी किंवा आहाराशी त्याचा संबंध नव्हता. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या एकेका सवयीची १२ आठवडे नोंद ठेवली. सवय मुरायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवताना पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी लवकर जमल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यामुळे बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे जड जात असेल, तर त्यात बिघडलेले काही नाही.

एक दिवस चुकला की सगळे मुसळ केरात, हा समज याहून घातक आहे. एखादा खाडा झाल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, असे याच अभ्यासात दिसले. नुकसान होते ते खाड्यानंतरच्या विचाराने. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या खाल्ल्या जातात. मग ‘आता पथ्य मोडलेच आहे’ म्हणून संध्याकाळच्या चहात साखर पडते, रात्री आइस्क्रीम होते आणि पथ्य पुढच्या सोमवारवर जाते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने हीच घसरण सविस्तर मांडली: एका चुकीतून येणारी अपराधी भावना माणसाला पुन्हा पूर्ण व्यसनाकडे ढकलते.

संकल्प मोडणारा माणूस मनाने कच्चा, हा शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. अनेकदा संकल्पच मोघम असतो. ‘रोज चालणार’ यात वेळ नाही, जागा नाही. ‘सकाळचा चहा झाला, कप विसळला की बूट घालून खाली उतरायचे, पाऊस असेल तर पार्किंगमध्येच फेऱ्या मारायच्या’ असे ठरले, की रोज नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. पीटर गोल्वित्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करायचे’ स्वरूपाच्या योजनांचा अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशा योजनेने ध्येय गाठण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आढळले.

दहा हजार पावलांचा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही; १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते. त्याहून कमी चालण्याचाही फायदा होतोच.

तंबाखू, मिश्री, गुटखा आणि दारू यांना मात्र निव्वळ सवय समजू नये. निकोटीन सुटताना चिडचिड होते, झोप उडते. पहिले काही दिवस हा त्रास सर्वाधिक असतो आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. समुपदेशन आणि औषधे यांनी यशाची शक्यता वाढते. त्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. अशा व्यक्तीने दारू सोडण्याआधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.