मतामुळे काम जावे का? ब्रिटनमधला एक खटला

कामाच्या ठिकाणी बाईला त्रास झाला तर तक्रार कुठे करायची, समितीत कोण असते, हे आपण आधीच्या भागांत बोललो. आजचा विषयही कामाच्या ठिकाणचाच आहे, पण जरा अवघड. समजा, एखाद्या बाईचे एका गोष्टीवर ठाम मत आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्यांना ते पटत नाही. काहींच्या तर मनाला लागते. तेवढ्यावरून तिचे काम काढून घ्यावे का? आणि ज्याच्या मनाला लागते, त्याने काय करावे?

ब्रिटनमध्ये गेली काही वर्षे यावर मोठे भांडण चालू आहे. आपल्याकडे त्यातले तुकडेच मोबाईलवर येतात. कोणी म्हणते बायकांचे हक्क बुडाले, कोणी म्हणते तृतीयपंथीयांवर अन्याय झाला. म्हणून आम्ही ठरवले की एकच खटला घ्यायचा आणि तो पहिल्यापासून सांगायचा.

आधी दोन शब्द समजून घेऊ. बाळ जन्मले की सुईण किंवा डॉक्टर शरीर बघून सांगतात, मुलगा की मुलगी. हे झाले शरीराचे लिंग. पण काही माणसांना आतून वाटते की आपण ते नाहीच. मुलगा म्हणून नोंद झालेली व्यक्ती स्वतःला बाई समजते, बाईसारखी राहते. तिला ट्रान्स स्त्री म्हणतात, मराठीत पारलिंगी स्त्री. आपल्याकडच्या तृतीयपंथी समाजातल्या बऱ्याच जणी स्वतःची ओळख अशीच सांगतात. तर स्वतःबद्दलची ही जी आतली जाणीव, तिला लिंगभाव ओळख म्हणतात. कायद्याने बाई ठरवताना शरीर बघायचे की ही ओळख, इथे सगळे अडले आहे.

ब्रिटनमध्ये २००४ साली एक कायदा झाला. त्यात डॉक्टरांचे दाखले जोडून आणि दोन वर्षे त्या ओळखीने राहिल्याचे दाखवून लिंग बदलाचे सरकारी प्रमाणपत्र मिळते. २०१८ मध्ये सरकारने लोकांना विचारले, ही पद्धत सोपी करावी का? दाखल्यांची कटकट कमी करून माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर जास्त भर द्यावा का?

माया फोर्स्टेटर नावाच्या बाई तेव्हा लंडनमध्ये सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट या संशोधन संस्थेत काम करत होत्या. त्यांचा अभ्यास करांचा, म्हणजे मोठ्या कंपन्या गरीब देशांत कर भरतात की बुडवतात असल्या गोष्टींचा. नोकरी कायमची नव्हती, ठरावीक मुदतीचे काम होते. त्यांनी या सरकारी विचारणेवर ट्विटरवर लिहायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे असे की माणसाचे शरीराचे लिंग बदलत नाही, पुरुष कायद्याने बाई झाला तरी शरीराने होत नाही. बायकांचे आसरागृह, तुरुंग, कपडे बदलायची खोली, खेळाच्या स्पर्धा अशा ठिकाणी हा फरक महत्त्वाचा आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला हवे तसे संबोधायला त्यांची सहसा हरकत नव्हती, पण तशी सक्ती नको, असे त्या म्हणत.

संस्थेतल्या काही लोकांनी तक्रार केली की हे ट्रान्स लोकांना दुखावणारे आहे. पुढे मायाबाईंचे काम वाढवून दिले नाही. मुदत संपली, संपली. मुदतीच्या कामात हे सोपे असते, हे आपल्या अंगणवाडीतल्या आणि कंत्राटी कामावरच्या बायांना वेगळे सांगायला नको. कोणी ‘काढले’ असे म्हणत नाही, नुसता पुढचा कागद येत नाही.

मायाबाई नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणात गेल्या. तिथे २०१० चा समानता कायदा लागतो. त्यात नऊ गोष्टी दिल्या आहेत, ज्यांच्यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. वय, अपंगत्व, वंश, बाळंतपण वगैरे. त्यातल्या तीन आपल्या आजच्या कामाच्या. एक, स्त्री किंवा पुरुष असणे. दुसरी, लिंग बदलणे. आणि तिसरी, धर्म किंवा ठाम धारणा. म्हणजे बघा, बाईला संरक्षण आहे, पारलिंगी माणसाला आहे आणि मत असणाऱ्यालाही आहे. तिघेही एकाच छपराखाली, आणि खटका उडतो तोही तिथेच.

आता कोणतेही मत म्हणजे धारणा होते का? नाही. याची परीक्षा २००९ च्या एका निकालात ठरली. एका मालमत्ता कंपनीत पर्यावरणाचे काम बघणाऱ्या माणसाला कमी केले होते. माणसाच्या करणीने पृथ्वी तापते आहे, ही त्याची ठाम धारणा. तो सांगे की साहेब फोन लंडनमध्ये विसरले तर तो पोहोचवायला एका माणसाला विमानाने आयर्लंडला पाठवले, आणि पर्यावरणाच्या गप्पा मलाच करायला ठेवले! न्यायाधीशांनी ही धारणा कायद्यात बसते असे मानले आणि कसोटी लावून दिली. धारणा मनापासूनची हवी, आज एक उद्या दुसरे असे नको. ती जगण्याच्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल हवी, तिला काही सुसंगती हवी. आणि लोकशाही समाजात तिचा मान ठेवता येईल अशी ती हवी, दुसऱ्याची प्रतिष्ठा आणि हक्क तुडवणारी नको. प्राण्यांचे दूधसुद्धा घ्यायचे नाही, अशी तत्त्वाने पाळलेली जीवनपद्धती २०२० मध्ये या कसोटीला उतरली. २०२२ मध्ये एक जण म्हणाला, माझा रेंजर्स हा फुटबॉल संघ हाच माझा धर्म. तो नापास झाला. संघावर कितीही जीव असला तरी ती आवड, धारणा नव्हे.

मायाबाईंचे घोडे शेवटच्या अटीवर अडले. डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी सांगितले की त्यांची धारणा लोकशाही समाजात मान ठेवण्याजोगी नाही, म्हणून तिला संरक्षण नाही. दुसऱ्याच दिवशी हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी मायाबाईंच्या बाजूने लिहिले आणि हा खटला जगभर गाजला. रोलिंगबाईंना त्यावरून पुष्कळ शिव्याही खाव्या लागल्या.

अपिलाचा निकाल जून २०२१ मध्ये लागला. न्यायमूर्ती चौधरी यांनी पहिला निकाल फिरवला. ते म्हणाले, शेवटची अट ही फक्त अगदी टोकाच्या गोष्टींसाठी आहे. नाझींच्या विचारासारखे, हिंसेला आणि द्वेषाला चिथावणारे काही असेल तरच दार बंद करायचे. नुसते काहींना बोचते म्हणून नाही. स्त्री आणि पुरुष शरीराने ठरतात असे समाजातल्या कितीतरी लोकांना वाटते, त्यांना कायद्याबाहेर टाकता येणार नाही. पण त्याच निकालपत्रात त्यांनी पुढे जे लिहिले आहे, ते मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांत आम्हाला कुठे दिसले नाही. ते म्हणाले, न्यायालय या वादात कोणाची बाजू घेत नाही. धारणेला संरक्षण मिळाले म्हणून पारलिंगी माणसाला हवे तसे हिणवायची मुभा मिळालेली नाही. त्यांचा छळ झाला तर कायदा आहेच, आणि तो होऊ न देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

२०२२ मध्ये न्यायाधिकरणाने ठरवले की मायाबाईंना पुढचे काम न देणे हा त्यांच्या धारणेवरून केलेला भेदभाव होता. २०२३ मध्ये व्याज धरून एक लाख पौंडांहून थोडी जास्त भरपाई मंजूर झाली. आपल्या रुपयांत कोटीच्या घरात.

मग धारणा असली की काहीही चालते का? त्याचे उत्तर दुसऱ्या एका खटल्यात आहे. सरकारी मदत मागणाऱ्या आजारी आणि अपंग लोकांची तपासणी करायच्या कामावर एक डॉक्टर लागले होते. त्यांनी आधीच सांगितले की पारलिंगी माणूस समोर आला तर त्याला हवे तसे ‘ही’ किंवा ‘हा’ मी म्हणणार नाही, माझ्या धर्मात ते बसत नाही. इंग्रजीत हे फार तर दोनचार शब्दांचे काम. आपल्या मराठीत बघा, ‘आली’ की ‘आला’, ‘बसली’ की ‘बसला’, वाक्यागणिक प्रश्न येईल! २०२२ च्या अपिलात डॉक्टर हरले. मनात काय मानायचे ते माना, पण समोर आलेला माणूस आधीच गांजलेला आहे, त्याला ताठ मानेने बसता यावे म्हणून खात्याने घातलेला नियम योग्यच होता, असे न्यायाधीश म्हणाले.

म्हणजे धारणा बाळगणे एक आणि ती कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या तोंडावर चालवणे दुसरे. आम्हाला या सगळ्यातली ही रेघ सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नेमकी कुठे पडते यावर तिकडे अजून खटले चालू आहेत.

आता आपल्या जवळचा भाग. स्कॉटलंडमध्ये २०१८ साली कायदा झाला की सरकारी मंडळांवर निम्म्या बायका असाव्यात. त्या निम्म्यांत पारलिंगी स्त्रियाही धरल्या होत्या. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही बायकांची संघटना कोर्टात गेली. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ शरीराने स्त्री असाच आहे. हा कोणा एका गटाचा विजय समजू नका, पारलिंगी लोकांचे कायद्याचे संरक्षण आहे तसेच आहे, हेही त्यांनी बजावले. तरी एका बाजूने पेढे वाटले आणि दुसरी बाजू रस्त्यावर आली.

बायकांच्या राखीव जागेचा हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात चार वर्षे आधी येऊन गेला आहे, आणि उत्तर उलटे मिळाले. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक गावी अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने सर्वसाधारण महिला राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आणि तृतीयपंथी व्यक्तींचा २०१९ चा कायदा या दोन्हींत तेव्हा स्वतः जाणलेली ओळख मानली होती. त्या आधारे न्यायालयाने अर्ज घ्यायला लावला. मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतले की सोयीनुसार पुन्हा पुरुष म्हणून लाभ मागणार नाही. अंजलीताई लढल्या आणि निवडून आल्या.

ज्यांनी पन्नास टक्के आरक्षणातून पहिल्यांदा पंचायतीची पायरी चढली, त्यांच्यापैकी एखादी म्हणेल, आमच्या जागा आधीच थोड्या, त्यात वाटेकरी कशाला? दुसरी म्हणेल, पुरुषांनी जिला गावाबाहेर काढले ती आपल्याकडे नाही तर कुठे येणार? आमच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांतही यावर एकमत नाही, आणि त्यामुळे आमचे एकत्र काम थांबलेले नाही. बाकी कपडे बदलायच्या खोल्यांवरून तिकडे एवढे रण चालले आहे, आणि आपल्याकडे तालुक्याच्या बाजाराला गेलेल्या बाईला धड मुतारी सापडत नाही, हा वेगळाच वाद आहे!

ब्रिटनसारखे धारणेला नोकरीत थेट संरक्षण देणारे कलम आपल्याकडे नाही. संविधानात बोलण्याचे आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे, पण ते मुख्यतः सरकारविरुद्ध चालते. खाजगी मालकाने मत आवडले नाही म्हणून काम बंद केले तर दाद मागायला जागा फार थोडी. कामगार संघटनेत गेली म्हणून काढले, तर मात्र महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे.

गटापुरते मात्र आपण आपले नियम करू शकतो. एखादीने बैठकीत अध्यक्षाच्या विरुद्ध मत दिले, की पुढच्या महिन्यात तिचा कर्जाचा अर्ज मागे पडतो, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. कारण विचारले तर ‘हप्ता वेळेवर नाही’, ‘हजेरी कमी’. तेव्हा कर्ज नाकारले तर कारण इतिवृत्तात लिहायचे, आणि ते कारण वहीतल्या आकड्यांवरून दिसले पाहिजे. उद्या एखाद्या तृतीयपंथी ताईने सभासद होण्यासाठी अर्ज केला, तर तो बैठकीपुढे ठेवायचा, बाहेरच्या बाहेर परत पाठवायचा नाही. ज्यांचे मत विरुद्ध आहे त्यांना ते बैठकीत बोलू द्यायचे, त्यांच्या कर्जाला हात लावायचा नाही. पण अर्ज घेऊन आलेल्या ताईपुढे कोणी टाळी वाजवली, नक्कल केली, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायचे आणि तेही इतिवृत्तात लिहायचे.

तुमच्या गटाच्या नियमावलीत असे काही आहे का, ते या महिन्याच्या बैठकीत वाचून बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात १९७१ च्या कायद्याची तक्रार कशी करायची ते सांगू.