शहापूर-मुरबाडच्या मुलांच्या कल्पना दिल्लीपर्यंत कशा पोहोचतील? 'इन्स्पायर-मानक'साठी नाव कसं द्यायचं, गावात स्पर्धा कशी घ्यायची, वाचा सविस्तर

शहापूर/मुरबाड : आवणी सुरू झाली की आपल्याकडे शाळेचे वर्ग अर्धे रिकामे दिसतात. मुलं शेतावर, गुरुजी हजेरीच्या चिंतेत. नेमकी याच पावसाळ्याच्या दिवसांत केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड – मानक' योजनेची ऑनलाइन नोंदणी चालू असते. ही नोंदणी शाळेनेच करायची असते, पालकाला घरून करता येत नाही. शाळेने केली नाही, तर मुलाच्या डोक्यात कितीही चांगली कल्पना असो, ती तिथेच राहते. म्हणून ही माहिती पालकांनी, शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी नीट वाचावी आणि गावाच्या ग्रुपवर टाकावी.

योजना नेमकी काय आहे?

केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि गुजरातमधली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था मिळून ही योजना चालवतात. सहावीपासून पुढच्या मुलामुलींनी स्वतःची नवी कल्पना पाठवायची. पूर्वी ती दहावीपर्यंतच होती, नंतर अकरावी-बारावीही त्यात घेतली. एका शाळेला पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित हायस्कूल, खासगी शाळा, आश्रमशाळा, सगळ्यांना दार उघडं आहे.

देशभरातून दहा लाख कल्पना याव्यात आणि त्यातल्या एक लाख निवडाव्यात, असं योजनेचं गणित आहे. निवडलेल्या प्रत्येक मुलाच्या बँक खात्यात मॉडेल तयार करण्यासाठी 10,000 रुपये थेट जमा होतात. मग जिल्ह्याचं प्रदर्शन, तिथून राज्याचं, तिथून राष्ट्रीय. राज्य पातळीवर सुमारे दहा हजार, राष्ट्रीय पातळीवर सुमारे एक हजार आणि शेवटी 60 मुलं निवडली जातात.

इथे एक लक्षात घ्या. सुरुवातीला मॉडेल लागत नाही. आधी फक्त कल्पना द्यायची, निवड झाली तरच पैसे आणि मग मॉडेल. त्यामुळे "आमच्याकडे खर्चाला पैसे नाहीत" म्हणून मागे राहण्याचं कारण नाही. फॉर्म भरायला फी पण नाही. कोणी मागितली तर देऊ नका.

कोणत्या कल्पना बाद होतात?

ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, पावसाचं पाणी साठवण्याचा नेहमीचा थर्माकोलचा देखावा, यूट्यूबवर पाहून केलेला व्हॅक्यूम क्लीनर. हे शिकायला चांगलं आहे, पण कल्पना म्हणून चालत नाही, कारण त्यात मुलाचं स्वतःचं काही नाही. बाजारातून आणलेलं तयार मॉडेल तर परीक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. "हे तुला का करावंसं वाटलं?" एवढंच विचारलं तरी मूल गप्प होतं.

परीक्षक साधारण सहा गोष्टी बघतात. कल्पना नवी आहे का, प्रत्यक्षात करता येईल का, लोकांच्या उपयोगाची आहे का, पर्यावरणाला त्रास नाही ना, वापरायला सोपी आहे का, आणि आज बाजारात जे मिळतं त्यापेक्षा बरी आहे का.

कल्पना शोधायची कुठे?

आपल्या दोन तालुक्यांना यासाठी लांब जायला नको. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी मुलगी त्या वाटेबद्दल जे सांगेल, ते शहरातल्या इंजिनियरला माहीत नसतं. आवणीत दिवसभर वाकून दुखणारी कंबर, अचानक आलेल्या पावसात भिजणारं खळ्यावरचं भात, मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळताना लागणारे वणवे. यातली प्रत्येक अडचण म्हणजे एका कल्पनेची सुरुवात आहे.

नीट बघणं किती मोठं काम आहे, हे सांगायला एक नाव पुरे. 'एचएमटी' तांदूळ आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्लाय. तो शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडीशी. 1983 मध्ये आपल्या भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत वाण तयार केलं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ लोकांना आवडायचं, तेच नाव तांदळाला पडलं. त्यांच्या कामाचा गौरव याच राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने केला.

शाळकरी मुलांचं उदाहरण हवं असेल तर पाटण्याच्या शालिनी कुमारीचं घ्या. आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येत नव्हता. तिने सुचवलं की वॉकरचे पुढचे पाय कमी-जास्त करता आले पाहिजेत, म्हणजे पायरीवर तो सरळ उभा राहील. याच संस्थेच्या 'इग्नाइट' स्पर्धेत 2011 साली तिला पुरस्कार मिळाला, पुढे तसा वॉकर बाजारातही आला. तिने काही यंत्र शोधलं नव्हतं, घरातली अडचण नीट बघितली होती.

आणि शहापूर तालुक्यातलंच सांगायचं तर पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा. गावकऱ्यांची मदत आणि संदीप गुंड गुरुजींची खटपट यातून ती डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. लहान पाड्यावर असं काही होत नाही, हे तेव्हाच खोटं ठरलंय.

कल्पना कागदावर कशी मांडायची? भेंडीचं उदाहरण

मुरबाडची भेंडी परदेशात जाते हे सगळ्यांना माहीत आहे. ती तोडताना हाताला किती खाज सुटते, हे फक्त तोडणाऱ्यांना माहीत आहे. समजा एका मुलीला यावर काही करायचंय. तिने पाच प्रश्नांची उत्तरं लिहावीत :

1. अडचण काय? भेंडीच्या लवेमुळे हाताला खाज येते, बोटं सोलवटतात.
2. कोणाला, किती वेळ? तोडणी एक दिवसाआड चालते. पहाटेपासून आई आणि इतर बायका तोडतात.
3. आज लोक काय करतात? जुने मोजे हातात घालतात किंवा रबरी हातमोजे वापरतात.
4. त्यात काय कमी आहे? मोजे दवाने भिजतात. रबरी हातमोज्यात घाम येतो आणि भेंडी कोवळी की जून, हे बोटाला कळत नाही.
5. माझी कल्पना काय? अंगठा आणि एका बोटात घालायच्या टोपीला लहान पातं. देठ कापला जाईल, भेंडीला हात लागणार नाही, बाकीची बोटं मोकळी.

सोबत पेनाने काढलेलं एक साधं चित्र, बाणांनी भाग दाखवलेले. झाली कल्पना तयार. पाचव्या उत्तरापेक्षा तिसरं आणि चौथं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, कारण "हे तर आधीपासून मिळतं" हा आक्षेप तिथेच निघून जातो. बोटात घालायची कापणी पाती बाजारात मिळतात, मग आपली वेगळी कशी, हेही तिला शोधावं लागेल. आणि हो, हेच उदाहरण उतरवून पाठवू नका. आता ते सगळ्यांनी वाचलंय!

मुलाची कल्पना मोठ्यांनी लिहून देऊ नये. गुरुजींनी प्रश्न विचारावेत, शुद्धलेखन तपासावं, बस्स. भाषेची भीती नको, मराठीत लिहिलेलं चालतं.

गावात किंवा केंद्रात स्पर्धा कशी घ्यायची?

पाच नावं कोणाची पाठवायची हे ठरवायला शाळेत आधी छोटी स्पर्धा व्हायला हवी. नाहीतर नेहमीची हुशार पाच मुलं जातात आणि अडचण जगणारं मूल मागच्या बाकावर राहतं. खर्च जवळजवळ नाही. असं करता येईल :

पहिला आठवडा, अडचण पेटी : शाळेत एक खोका ठेवा. प्रत्येक मुलाने घरातली, शेतातली, वाटेवरची एक अडचण लिहून टाकायची. उपाय अजून नको. जी मुलं वर्गात बोलत नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या इथे सापडतात. लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या.

दुसरा आठवडा, चौकशी : मुलांनी घरी आई-आजीला, शेजाऱ्याला विचारायचं. आज काय करता? ते का पुरत नाही? मोबाइलवर शोधायचं की असं काही आधीच मिळतं का. गावातला मोबाइल इथे खरा कामाला येतो.

तिसरा आठवडा, कागद : वरचे पाच प्रश्न आणि एक चित्र. पुठ्ठा, बांबू, सायकलची जुनी ट्यूब वापरून कच्चा नमुना केला तर चांगलंच, सक्ती नको.

चौथा आठवडा, निवड : परीक्षक म्हणून वेल्डिंगवाला, गवंडी किंवा सुतार मिस्त्री, भाजी पिकवणारी शेतकरी ताई, अंगणवाडी सेविका आणि आयटीआयचे सर यांना बोलवा. हार-शाल-भाषण नको. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं आणि वरच्या सहा गोष्टींना प्रत्येकी दहा गुण. बक्षीस द्यायचंच असेल तर ट्रॉफीऐवजी स्क्रू ड्रायव्हरचा सेट द्या, तो वापरात येतो. निवड न झालेल्या मुलांचे कागद फाइलला लावा, पुढच्या वर्षी कामाला येतील.

लहान पटाच्या शाळांनी केंद्रप्रमुखांशी बोलून तीन-चार शाळा मिळून हा कार्यक्रम करावा. मात्र नोंदणी प्रत्येक शाळेने आपापली करायची.

फॉर्म भरताना काय सांभाळायचं?

शाळेची नोंदणी यू-डायस क्रमांकावरून एकदाच होते आणि तिला जिल्ह्याच्या शिक्षण विभागाची मंजुरी लागते. तुमच्या शाळेची झाली आहे का, हे मुख्याध्यापकांना आजच विचारा. झाली नसेल तर पहिलं काम ते.

मुलाच्या नावाने बँक खातं लागतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं उघडता येतं. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासबुकावर नाव सारखंच हवं. एका अक्षराच्या फरकानेही पैसे अडकू शकतात. खातं बंद पडलेलं नाही ना, तेही बँकेत विचारून घ्या.

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पावसात लाइट जाते, डोळखांब किंवा माळशेजच्या बाजूला रेंज जाते आणि शेवटच्या तारखेला पोर्टलवर गर्दी होते. फॉर्म भरून झाल्यावर तो पूर्ण पाठवला गेला का, हे तपासा. अर्धवट सेव्ह केलेला फॉर्म पोहोचत नाही.

कल्पनेचा सगळा तपशील व्हिडिओ करून फेसबुकवर टाकायची घाईही करू नका. पुढे पेटंट घ्यायचं झालं तर आधी जाहीर झालेली गोष्ट अडचणीची ठरते.

निवड झाली तर?

10,000 रुपये त्या मुलाच्या मॉडेलसाठी आहेत. घरखर्चाला वापरू नका, शाळेनेही दुसऱ्या कामाला घेऊ नयेत. मॉडेल मुलाने स्वतः मिस्त्रीजवळ बसून करावं, म्हणजे प्रदर्शनात त्याला प्रत्येक खिळा का मारला हे सांगता येईल.

आपल्याकडची एक खास अडचण आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी, ठाकर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. नोंदणीच्या वेळी मूल गावात असतं, पण निवडीचा निरोप येतो तेव्हा ते भट्टीवर. शाळेने अशा मुलांच्या पालकांचा, मुकादमाचा आणि एका नातेवाइकाचा नंबर लिहून ठेवावा. निवड होऊनही मूल प्रदर्शनाला पोहोचलं नाही, असं होऊ देऊ नका.

पंचायत समितीचं तालुका विज्ञान प्रदर्शन वेगळं असतं. तिथे मॉडेल आधीच तयार लागतं आणि दरवर्षी विषय ठरवून दिलेले असतात. पण 'मानक'साठी केलेला विचार तिथेही उपयोगी पडतो. विषयात बसत असेल तर दोन्हीकडे भाग घ्या.

या आठवड्यात एवढं करा : शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, "आपली नोंदणी झाली का, पाच नावं कशी ठरणार?" मुलाचं पासबुक काढून नाव तपासा. आणि रात्री जेवताना मुलाला विचारा, "आपल्या घरात कोणतं काम सगळ्यात त्रासाचं आहे?" तो जे सांगेल ते एका कागदावर लिहून ठेवायला सांगा.