चिठ्ठी वाचणाऱ्याच्या हाती लेखणी

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि फार्मासिस्टने ती वाचून औषध द्यायचे, ही कामाची विभागणी आपल्या परिचयाची आहे. ब्रिटनने मात्र ती टप्प्याटप्प्याने बदलली असून, तेथे प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो.

डॉ. जून क्राऊन यांच्या समितीने १९९९ मध्ये डॉक्टरांखेरीज इतर आरोग्य व्यावसायिकांनाही हा अधिकार देण्याची शिफारस केली. त्यानुसार २००३ मध्ये डॉक्टरांनी निदान केल्यानंतर ठरलेल्या आराखड्याच्या चौकटीत, तर २००६ पासून स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा फार्मासिस्टना मिळाली. २०१२ मध्ये मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचाही त्यात समावेश झाला.

प्रशिक्षण कशाचे?

औषधांचे ज्ञान फार्मासिस्टकडे असतेच. उणीव असते ती रुग्ण तपासण्याच्या सरावाची. समजा, रुग्ण कोरड्या खोकल्याची तक्रार घेऊन आला. रक्तदाबावरील रामिप्रिलमुळे असा खोकला येऊ शकतो, हे फार्मासिस्टला चटकन सुचेल. पण तोच खोकला क्षयाचा किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचाही असू शकतो. तेथे औषध बदलण्यापूर्वी विचारपूस व तपासणी करणे आणि शंका येताच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठविणे महत्त्वाचे ठरते.

म्हणूनच नोंदणीकृत फार्मासिस्टसाठीच्या या अभ्यासक्रमात किमान २६ दिवसांचे शिक्षण आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान ९० तासांचे प्रत्यक्ष काम बंधनकारक आहे. शारीरिक तपासणी, चाचण्यांच्या अहवालांचा अर्थ लावणे, नोंदी ठेवणे आणि आपल्या क्षमतेची मर्यादा ओळखणे हे त्याचे मुख्य भाग होत.

दुसरी नजर हवीच

चिठ्ठी लिहिणारा आणि औषध देणारा वेगळा असला, की पहिल्याची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते. शिवाय विक्रीतील नफ्याचा मोहही दूर राहतो. त्यामुळे एकाच व्यक्तीने ही दोन्ही कामे सहसा करू नयेत, असे तेथील नियामक परिषदेचे मार्गदर्शन आहे.

या परिषदेने २०२१ मध्ये शिक्षणाचे निकष बदलले. चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचे प्रशिक्षण यांतच हा अभ्यास सामावून, २०२६ पासून नव्या फार्मासिस्टना नोंदणीबरोबरच अधिकार देण्याची ही रचना आहे. साहजिकच प्रत्येक प्रशिक्षणार्थीसाठी मार्गदर्शक उपलब्ध करणे ही मोठी जबाबदारी ठरते.

भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या ‘फार्म. डी.’ पदवीनेही हा अधिकार मिळत नाही. तो देण्याची चर्चा येथे कधी झालीच, तर ब्रिटनचा धडा स्पष्ट आहे : औषध कोणते द्यावे, याइतकेच ते कधी देऊ नये, हेही शिकवावे लागते.