डब्याचं साधं गणित

ऑफिसजवळची थाळी १२० रुपयांची धरा आणि घरच्या पोळी-भाजीचे ४०. महिन्यात २२ दिवस कामाचे, म्हणजे १,७६० रुपये वाचले. शिवाय बाहेर गेलं की ताक, पान होतंच, ते वेगळंच!

डब्याची खरी लढाई आदल्या रात्रीची. भाजी चिरून ठेवली की सकाळ सुटते. रविवारी सकाळी मटकी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा. मंगळवारी उसळ तयार. पीठ पेरलेली सिमला मिरची, गवार, कोबी या कोरड्या भाज्या लोकलच्या गर्दीतही सांडत नाहीत. पोळ्या जरा निवू द्या, नाहीतर वाफेनं ओल्या होतात.

भाताबाबत मात्र मी कडक आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यांची वाढ होऊन विष तयार होऊ शकतं आणि पुन्हा गरम करून ते जाईलच असं नाही. ऑफिसात फ्रिज नसेल तर भात नकोच.

मायक्रोवेव्हच्या रांगेचा कंटाळा? दशम्या किंवा थालीपीठ न्या, गारही छान लागतात. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ड्रॉवरमध्येच ठेवा. शेजारचे मागणार, जरा जास्तच करा.