अमेरिकेची चिठ्ठी : टळू शकणारी खाट

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्यांच्या उपचारांचा मोठा भार १९६५ साली कायद्याने आलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना उचलते. तिच्या नोंदींतून इथे एक आकडा जिल्हावार जाहीर होतो : दमा, अनावर झालेली साखर, रक्तदाब, थकलेल्या हृदयामुळे अंगात साठलेलं पाणी अशा कारणांनी लाख वृद्धांमागे रुग्णालयात किती भरत्या झाल्या. वेळेवर गोळी आणि तपासणी मिळती, तर यातल्या अनेकांना खाट लागलीच नसती. म्हणून हा आकडा रुग्णालयापेक्षा गावातल्या दवाखान्याची परीक्षा घेतो. गेल्या दोन दशकांत तो बराच उतरला आहे. पण उतार म्हणजे आरोग्य, असं समजणं धोक्याचं. परत भरतीचंच पाहा : २०१२ पासून महिन्याभरात रुग्ण परत भरती झाले तर रुग्णालयांना दंड बसू लागला. पुढे २०१८ च्या एका अभ्यासात थकलेल्या हृदयाच्या आणि न्यूमोनियाच्या रुग्णांचे घरी सोडल्यानंतरचे मृत्यू वाढलेले दिसले. दंडामुळेच ते वाढले का, यावर वाद आहे. २०२० मध्ये भरत्या घटल्या, त्यात कोविडच्या भीतीचा वाटा मोठा होता. तेव्हा या आकड्याशेजारी मृत्यूंचा आकडा ठेवूनच तो वाचावा.

हे रत्नागिरीजवळच्या हातखंब्याला का सांगायचं? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. चाकरमानी मुंबईला, घरात आजी-आजोबा, हे कोकणाचं जुनंच चित्र. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. पण ते मुख्यतः भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही. ती गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असली, तरी वरच्या वाडीतल्या एकट्या आजीला हमरस्त्यापर्यंत उतरावं लागतं. महिनाभर ती उतरली नाही, तर पुढचा प्रवास थेट रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयाचा. खाटेचे पैसे मिळतात, खाट टाळण्याचे मिळत नाहीत.

कुणी म्हणेल, जिथे डॉक्टरच अपुरे, तिथे मोजदाद ही चैन आहे. आधी खाटा वाढवा. खाटा हव्यातच. पण टळू शकणाऱ्या रुग्णांनी अडलेली खाट अपघातातल्या जखमीला मिळत नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या गावाला ही किंमत सांगायला नको. शिवाय मोजायला नवं काही लागत नाही. केसपेपरवर वय, गाव आणि आजार लिहिलेला असतो. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : गेल्या वर्षी आपल्या गावातून साठीपुढचे किती जण साखर, दमा आणि रक्तदाबाने भरती झाले, आणि त्याआधीच्या महिन्यात त्यांच्या घरी गोळ्या होत्या का?