लॉरीन हिल: एका नावामागची माणसं

लॉरीन हिल या अमेरिकन गायिकेचा स्टुडिओत तयार झालेला, फक्त तिच्या नावाचा अल्बम एकच आहे: 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरीन हिल'. २५ ऑगस्ट १९९८ रोजी तो बाजारात आला तेव्हा ती २३ वर्षांची होती. त्याच्या आधी 'फ्यूजीज' या त्रयीबरोबर केलेले दोन अल्बम, नंतर २००२ साली आलेला गिटारवरच्या मैफिलीचा एक जोडअल्बम, आणि मग चित्रपटांत, इतरांच्या अल्बमांत, इंटरनेटवर विखुरलेली सुटी गाणी. हा सगळा ऐवज एका दिवसात ऐकून संपेल. एवढ्याशा शिदोरीवर ती हिप-हॉप आणि सोल या दोन्ही घराण्यांत अग्रपूजेचा मान मिळवून बसली आहे. २०२४ साली ॲपल म्युझिकने काढलेल्या सर्वोत्तम १०० अल्बमांच्या यादीत तिचाच अल्बम पहिला होता. असल्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नये हे खरं, पण दुसरा अल्बम का आला नाही हा प्रश्न त्यामुळे आणखी टोचतो. त्याची ठरलेली उत्तरं तिच्या स्वभावाकडे बोट दाखवतात: लहरी बाई, कार्यक्रमाला उशिरा येते, प्रसिद्धी पेलली नाही. माझ्या मते उत्तर स्वभावात शोधण्यापेक्षा तो अल्बम कसा तयार झाला आणि त्याचं श्रेय कसं वाटलं गेलं, यात शोधावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनातून निघून प्रेम-विरहाच्या गाण्यांत आलेली गायकी. सूर ताणणं, आळवणं, आवाजात कंप आणणं हा तिचा प्राण. हिप-हॉपमधलं रॅप म्हणजे तालावर बसवलेलं, यमकांनी बांधलेलं, वेगाने म्हटलेलं पद्य. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोन कामांची माणसं बहुतेक वेगळी असत: रॅपर कडवी म्हणे आणि धृपदापुरती एखादी गायिका बोलावली जाई. न्यू जर्सीत वाढलेल्या हिलला दोन्ही येत होतं, आणि दोन्हींत ती पहिल्या रांगेतली होती. शाळेत असतानाच तिने प्रास मिशेलबरोबर गट जमवला, पुढे वायक्लेफ जाँ येऊन मिळाला. दोघंही मूळचे हैतीच्या कुटुंबांतले, म्हणून 'रेफ्यूजी'वरून गटाचं नाव फ्यूजीज. त्यांचा पहिला अल्बम फारसा कुणाच्या कानी पडला नाही. दुसरा, १९९६चा 'द स्कोअर', वायक्लेफच्या काकांच्या घराच्या तळघरातल्या स्टुडिओत बहुतांशी तयार झाला आणि जगभर वाजला. रॉबर्टा फ्लॅकने १९७३ साली गाजवलेलं 'किलिंग मी सॉफ्टली' हिलने त्यात नव्याने गायलं. जुनी चाल, खाली हिप-हॉपचा कोरडा ठेका आणि वर एकच भरदार आवाज, असा तो मामला होता.

स्वतःच्या अल्बमात तिने याच मिश्रणाला घाट दिला. नाव कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराच्या १९३३च्या पुस्तकावरून सुचलेलं. शाळा काळ्या मुलांना स्वतःकडे कमीपणाने पाहायला शिकवते, हा त्या पुस्तकाचा विषय. अल्बम सुरू होतो तो शाळेच्या घंटेने. गुरुजी हजेरी घेतात, मुलं 'हजर' म्हणतात, शेवटी लॉरीन हिल हे नाव पुकारलं जातं आणि कुणीच ओ देत नाही. मग गाण्यांच्या मध्ये मध्ये त्या वर्गातली मुलं प्रेमाविषयी बोलत राहतात. गुरुजींचा आवाज रास बराका या कवी-शिक्षकाचा आहे, जो पुढे नेवार्क शहराचा महापौर झाला. 'डू वॉप' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं. त्यात पन्नाशीच्या दशकातल्या नाक्यावरच्या पोरांच्या समूहगायनाची लकब आहे, पितळी वाद्यं आहेत, पियानो आहे. पहिलं कडवं बायकांना सुनावणारं, दुसरं पुरुषांना, आणि दोन्ही रॅपमध्ये. धृपद आलं की तोच गळा गाऊ लागतो. चाळीस वर्षांचं कृष्णवर्णीय संगीत चार-पाच मिनिटांत एकमेकांना भेटतं आणि सांधा कुठे दिसत नाही.

'एक्स-फॅक्टर' या गाण्याची वंशावळ तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मुळात बार्ब्रा स्ट्रायसँडचं 'द वे वी वेअर' हे चित्रपटगीत. ते ग्लॅडिस नाइटने सोलच्या अंगाने गायलं. तिच्या त्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप-गटाने १९९३ साली आपलं गाणं रचलं. आणि त्या गाण्यातली ओळख पटेल अशी जागा हिलने आपल्या विरहगीतात आणून ठेवली. पुढे २०१८ साली ड्रेक आणि कार्डी बी या दोघा रॅपरांनी एकाच वर्षी हिलच्याच गाण्याला हात घातला. जुन्या तबकडीवरचे काही सेकंद कापून त्यावर नवं बांधकाम करणं, याला तिकडे सॅम्पल म्हणतात. हिप-हॉपचा तो पायाच आहे. म्हणजे 'हे माझं' असं छातीठोक म्हणणं जिथे मुळातच अवघड, अशा कलाप्रकारात आपण आहोत. सूर कुणाचा, ठेका कुणाचा, शब्द कुणाचे याची वाटणी कायद्याला करावी लागते, पण संगीत त्या वाटणीच्या हिशेबाने तयार होत नाही.

ती वाटणी हिलच्या मुळावर आली. अल्बमवर लेखन, संयोजन आणि निर्मिती यांचं श्रेय ठळकपणे तिच्या एकटीकडे होतं. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत आणि जमैकात बॉब मार्लीच्या 'टफ गाँग' स्टुडिओत अनेक हात राबले होते. कार्लोस सँटानाची गिटार होती, मेरी जे. ब्लायज आणि डी'अँजेलो यांचे आवाज होते, 'एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग'मधला पियानो तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि पुढे जॉन लेजंड म्हणून नावारूपाला आलेल्या मुलाने वाजवला होता. शिवाय 'न्यू आर्क' नावाने काम करणारे व्हेडा नोबल्स, रशीम प्यू आणि टेजुमोल्ड व जोहारी न्यूटन हे चौघे होते. दोन गाणी मुख्यत्वे आमची आणि इतर काहींत आमचा मोठा वाटा आहे, असा दावा करत ते नोव्हेंबर १९९८ मध्ये कोर्टात गेले. हिलला ग्रॅमीसाठी दहा नामांकनं मिळाली, फेब्रुवारी १९९९ मध्ये पाच पारितोषिकं मिळाली, हिप-हॉपमधल्या अल्बमला 'वर्षातला सर्वोत्तम अल्बम' हा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि या सगळ्या जल्लोषात खटला चालूच होता. २००१च्या आरंभी तो कोर्टाबाहेर मिटला. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं ऐकत मोठे झालेल्या मराठी श्रोत्याला हा तंटा चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे खाती ठरलेली. तिकडे मात्र सगळं एका नावात कोंबायचं होतं, कारण रेकॉर्ड कंपन्यांना आणि मासिकांना 'सगळं एकटीने करणारी तरुणी' ही गोष्ट विकायची होती. तिला स्वतःलाही ती हवी होती, हेही लपवण्यात अर्थ नाही. पुरुष निर्मात्यांच्या त्या जगात बाईने काही केलं की 'मागे कोण आहे' हा प्रश्न पहिला येई, आणि फ्यूजीजमध्ये श्रेयाचं माप वायक्लेफच्या पारड्यात पडताना तिने पाहिलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा की मग हा अल्बम तिचा नव्हेच. चौघांनी केला, तिने मिरवलं, आणि ते गेल्यावर विहीर आटली. पुरावा हे म्हणू देत नाही. अल्बमच्या काही महिने आधी, १९९८च्याच सुरुवातीला, अरेथा फ्रँकलिनसाठी 'अ रोज इज स्टिल अ रोज' हे गाणं हिलने लिहिलं आणि त्याची निर्मितीही केली. साठीकडे झुकलेल्या सोलसम्राज्ञीने विशी ओलांडलेल्या मुलीकडून गाणं घ्यावं आणि ते चालावं, हे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जमत नाही. १९९९ मध्ये मेरी जे. ब्लायजसाठी 'ऑल दॅट आय कॅन से' तिनेच केलं. अल्बमचं ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या गॉर्डन विल्यम्सनेही दृष्टी तिचीच होती अशी ग्वाही दिली आहे. पण म्हणून ते चौघे हमाल ठरत नाहीत. व्हेडा नोबल्स पुढे रिहानाच्या २००५च्या पहिल्या गाजलेल्या गाण्याच्या, 'पाँ दे रिप्ले'च्या, घडवणाऱ्यांत होता. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत: दिशा तिची होती आणि वाट अनेकांनी मिळून तुडवली होती. खोटं होतं ते फक्त 'एकटीने' हे विशेषण.

खटला मिटल्यावर काही महिन्यांतच, २१ जुलै २००१ रोजी, ती एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कमध्ये श्रोत्यांसमोर बसली. हातात एक गिटार, जी तिला तेव्हा जेमतेम वाजवता येत होती, आणि घसा बसलेला. ठेका नाही, साथीदार नाही, कोरस नाही. ज्या गाण्यांसाठी लोक आले असतील त्यांतलं एकही तिने म्हटलं नाही. सगळा भर नव्या, लांबच लांब गाण्यांवर, आणि मध्ये मध्ये देवाविषयी, प्रसिद्धीच्या मुखवट्याविषयी लांब बोलणं. एका गाण्यात ती रडते, आणि तेही ध्वनिमुद्रणात तसंच ठेवलं आहे. मे २००२ मध्ये आलेल्या या जोडअल्बमला अनेक समीक्षकांनी मानसिक पडझडीचं दर्शन ठरवलं. मला त्यात एक कठोर तर्क दिसतो. तुझं श्रेय तुझं एकटीचं नाही असं जग म्हणालं. तिने असं काही करून दाखवलं की त्यात दुसऱ्या कुणाचा हात असूच शकत नाही. तर्क पक्का होता, पण संगीत उपाशी राहिलं. त्यात दोन-तीन गाणी अस्सल आहेत, बाकीची चाल शोधत भटकतात. त्यातलंच 'मिस्टरी ऑफ इनिक्विटी' हे गाणं कान्ये वेस्ट या रॅपरने उचललं, मूळ ध्वनिमुद्रण वापरायची परवानगी न मिळाल्याने तो भाग दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतला, आणि २००४ मध्ये त्याचं 'ऑल फॉल्स डाउन' गाजलं. हिलची ओळ तीच, फक्त भोवती माणसं आली.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. एका खटल्यावर पंचवीस वर्षांची शांतता लादणं म्हणजे गोष्टीला सोयीस्कर खलनायक शोधणं. तिला मुलं झाली, संसार झाला, कंपनीशी मतभेद झाले. २००५ ते २००७ या काळातली कर-विवरणपत्रं न भरल्याबद्दल २०१३ साली तिला तीन महिने तुरुंगातही जावं लागलं. हे सारं खरं आहे आणि खटला हे एकमेव कारण असल्याचं मी म्हणत नाही. पण मुलं असताना काम करणं तिला अशक्य होतं, हे तिच्याच कारकिर्दीला धरून नाही. पहिल्या मुलाच्या वेळी करिअरचा विचार कर असा सल्ला मिळाल्याचं तिने 'टू झायन'मध्ये गायलं आहे, आणि तो मुलगा जन्मला १९९७ साली, अल्बमच्या कामाच्या ऐन धामधुमीत. नंतरचं काम तपासलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिचं चांगलं काम दुसऱ्याच्या छपराखाली झालं आहे. २०१५ मध्ये नीना सिमोन या गायिकेच्या स्मरणार्थ निघालेल्या अल्बमात सर्वांत जास्त गाणी तिची आहेत, आणि त्यांत आवाजाची जुनी ताकद आहे. २०२१ मध्ये नॅझ या रॅपरच्या 'नोबडी' गाण्यात ती एक कडवं म्हणून जाते आणि यजमानाला मागे टाकते. नाव दुसऱ्याचं, जोखीम दुसऱ्याची, साथीला माणसं, असं असलं की ती मोकळी होते. स्वतःच्या एकटीच्या नावाचा अल्बम मात्र नाही. हा योगायोग मला पटत नाही.

उशिरा येणाऱ्या, जुनीच गाणी नव्या चालीत म्हणणाऱ्या हिलवर चिडलेले श्रोते म्हणतील की एका अल्बमचं किती कौतुक करायचं. त्यांची चीड रास्त आहे. तिकीट काढलेल्या माणसाला तासन्‌तास ताटकळत ठेवण्याचं समर्थन कोणत्याही कलेने होत नाही. पण कौतुकाचं माप संख्येत घालायचं तर तिथेही तो अल्बम कमी पडत नाही. २०२१ साली अमेरिकेत त्याची विक्री एक कोटी प्रतींच्या तोडीची झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत २०१५ सालीच त्याला जागा दिली होती. त्याहून महत्त्वाचं, गाणारी आणि रॅप करणारी माणसं वेगळी असतात ही समजूत त्यानंतर टिकली नाही. आज ड्रेकपासून कुणीही एका श्वासात बोलतो आणि दुसऱ्यात गातो, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

ज्यांनी हिलला अजून ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात अरेथाच्या गाण्यापासून करावी, मग 'मिसएज्युकेशन' सलग ऐकावा, वर्गातले संवाद न गाळता. 'अनप्लग्ड' शेवटी ठेवावा, आणि तो ऐकताना मागे वाजणाऱ्या, नसलेल्या वाद्यांकडे कान द्यावा. मोबाइलवर ऐकताना गाण्याच्या नावाखालची श्रेयनामावली उघडता येत असेल, तर ती जरूर उघडून वाचावी.