‘घरात कुणालाही सांगू नका’ : डिजिटल अरेस्टचा सगळा खेळ या एका वाक्यावर चालतो

एस. पी. ओसवाल हे काही भोळंभाबडं गिऱ्हाईक नव्हे. लुधियानाच्या वर्धमान या मोठ्या कापड उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण, वय ८२. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी त्यांना फोन आला की तुमचं नाव एका मनी लाँडरिंग प्रकरणात आलंय. मग व्हिडिओ कॉल, मग सुप्रीम कोर्टाची ‘ऑनलाइन सुनावणी’. समोर सरन्यायाधीश म्हणवणारा माणूस, शिक्क्यांची कागदपत्रं, सगळा थाट. दोन दिवस ते कॅमेऱ्यासमोर ‘नजरकैदेत’ होते आणि तेवढ्यात ७ कोटी रुपये गेले.

हे संपलं कसं? तर त्यांनी कंपनीतल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा. ऐकणाऱ्याला काही मिनिटांत कळलं की हा बनाव आहे. तक्रार लगेच झाल्यामुळे पोलिसांना सव्वापाच कोटींच्या आसपास रक्कम परत मिळवता आली.

डिजिटल अरेस्टमध्ये पोलिसांचा गणवेश, कोर्टाचा सेट, एआयचा आवाज यांची चर्चा जास्त होते. पण हा सगळा मेकअप. खरं हत्यार एकच, माणसाला एकटं पाडणं.

फोनवर नेमकं काय होतं?

सुरुवात बहुतेक वेळा किरकोळ असते. ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ किंवा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज आणि बनावट पासपोर्ट सापडलेत.’ माणूस म्हणतो, मी तर काही पाठवलंच नाही. पलीकडचा एकदम सहानुभूतीने बोलतो, ‘मग तुमच्या आधारचा गैरवापर झालेला दिसतोय. मुंबई पोलिसांकडे तक्रार करावी लागेल, मी जोडून देतो.’

इथे ‘मुंबई पोलीस’ अवतरतात. मागे पोलीस ठाण्याचा बोर्ड, वॉकीटॉकीचा आवाज. आधारचा नंबर आणि घरचा पत्ता ते स्वतःहून सांगतात, त्यामुळे समोरच्याचा विश्वास बसतो. हा डेटा बाजारात किती स्वस्तात मिळतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

मग येते मुख्य अट. प्रकरण ‘राष्ट्रीय सुरक्षेचं’ आणि ‘गोपनीय’ आहे. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आरोपी करावं लागेल. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीचं दार लावून बसायचं, दुसरा फोन घ्यायचा नाही. ज्या बापाने आयुष्यभर मुलांना त्रास होऊ नये म्हणून दुखणीसुद्धा लपवली, त्याला ही अट पाळायला जड जात नाही. तो गप्प बसतो ते कुटुंबाला वाचवण्यासाठीच.

पुणे-ठाण्यात एकटे राहणारे निवृत्त आईबाप आणि बेंगळुरूत किंवा परदेशात असलेली मुलं, हे चित्र आता घरोघरी आहे. बँकेत एफडी, हातात स्मार्टफोन आणि दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. फसवणाऱ्यांना आणखी काय हवं?

कायदा काय सांगतो?

कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक प्रत्यक्ष ताब्यात घेऊनच होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलायचा हक्क असतो. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणं तर पोलिसांवरच बंधनकारक आहे.

म्हणजे खरी अटक झाली तर पोलीस स्वतः घरच्यांना कळवतात. जो ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणतो तो पोलीस नाही. आईबाबांना कलमं पाठ करायला लावण्यापेक्षा एवढं एक सांगितलं तरी पुरेसं आहे.

पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हा विषय घेतला. पुढे अमिताभ बच्चन यांच्या आवाजातल्या सायबर जागृतीच्या कॉलर ट्यूनचा लोकांना वैताग येईपर्यंत प्रचार झाला. तरी आकडे बघा. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले होते, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दाम्पत्याचे एक कोटीहून जास्त रुपये गेल्यावर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला.

पैसे गेले की बँक भरून देते ना?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पण हा नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतः बँकेत जातो, एफडी मोडतो, स्वतःच्या सहीने आरटीजीएस करतो. कॅशियरने विचारलं तर ‘फ्लॅट घेतोय’ किंवा ‘मुलीचं लग्न आहे’ असं सांगायचंही त्याला पढवलेलं असतं. बँकेच्या नजरेत हा व्यवहार त्याचाच. म्हणून भरपाईच्या भरवशावर राहता येत नाही. पैसे वाटेत अडवले गेले तरच परत मिळायची खरी आशा.

ही वाट फार छोटी असते. पैसे आधी भाड्याच्या खात्यात जातात. कुणीतरी थोड्या कमिशनसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला दिलेलं असतं, त्याचं हे खातं. तिथून रक्कम तुकडे होऊन अनेक खात्यांत पसरते आणि शेवटी एटीएममधून किंवा क्रिप्टोच्या रूपात बाहेर पडते.

१९३० हा नंबर यासाठीच आहे. इथे तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत ऑनलाइन पोहोचते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरली जाते. पैसे पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. थोडक्यात ही शर्यत आहे, तिच्यात पहिला तास सगळ्यात मोलाचा. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवायचा. यूपीआय असेल तर तो १२ अंकी असतो, आरटीजीएसचा यूटीआर पावतीवर मिळतो. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार करता येते. सोबतच बँकेलाही कळवायचं. रोखलेले पैसे परत मिळवायला सहसा कोर्टाचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो, पण निदान ते कुठेतरी अडकलेले असतात.

मग घरच्यांनी करायचं काय?

रात्रीच्या फोनवर ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ विचारतोच, त्यात एक ठरवून टाकायचं. कुणीही पोलीस, सीबीआय, ईडी म्हणून फोन केला तर ‘मुलाला विचारून सांगतो’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मुलाने किंवा मुलीनेही मीटिंगमध्ये असले तरी तो फोन उचलायचा. शेजारची एक व्यक्तीही यात घ्यावी, कारण अमेरिकेत तेव्हा रात्र असते. नेट बँकिंगची रोजची मर्यादा कमी करून ठेवली तर तेवढाच अडसर.

घरात कुणी दार लावून तासन् तास बसलंय, तुटक उत्तरं देतंय, अचानक एफडीची कागदपत्रं शोधतंय, तर सरळ खोलीत जायचं आणि फोन हातातून घेऊन कट करायचा. ‘अरेस्ट’ तिथेच संपते.

आणि फसवणूक झालीच, तर ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हे वाक्य गिळायचं. डॉक्टर, निवृत्त बँक अधिकारी, प्राध्यापक, सगळे यात सापडलेत. या एका वाक्याच्या भीतीने कित्येक जण दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत, आणि १९३० साठी मोलाचा असलेला तो पहिला तास तिथेच वाया जातो.

एक शेवटची गोष्ट. पैसे गेल्यावर काही दिवसांनी ‘तुमची रक्कम सापडली आहे, सोडवून घ्यायला प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही फसवणुकीचाच असतो. १९३० वर तक्रारीसाठी किंवा अडकलेले पैसे सोडवण्यासाठी कुठलीही फी लागत नाही.